ताणावर वाढणारी मुळं

चंद्रपूरहून गडचिरोलीकडे निघालं की वाटेत मूल लागतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या, मध्येच राइस मिल, आणि बांध्या संपल्या की जंगल. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, सावली आणि पलीकडे गडचिरोली, आरमोरी, वडसा हा सगळा मुलूख झाडीपट्टीचा. इथे वर्षाला सरासरी 1200 ते 1500 मिलिमीटर पाऊस पडतो. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हा आकडा ऐकूनच हेवा वाटावा. पण यातला बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. दिवाळीत धान कापणीला येतं, बांध्यांतलं पाणी उतरतं, आणि बरडाची तांबडी, मुरमाड जमीन महिन्याभरात विटेसारखी कडक होते. तिथून पुढच्या जूनपर्यंत या जमिनीवर बहुधा काहीच नसतं. पावसाच्या नकाशावर हा भाग हिरवा दिसतो, पण वर्षातले आठ महिने तो कोरडवाहूच असतो.

या आठ महिन्यांच्या कोरडेपणाशी जुळवून घेतलेली झाडं इथल्या जंगलात फार पूर्वीपासून आहेत. सफेद मुसळी, काळी मुसळी, शतावरी, सर्पगंधा. पावसात ती भराभर वाढतात, पानांनी मिळवलेलं सगळं जमिनीखाली साठवतात आणि पाऊस ओसरला की वरचा पसारा आवरून घेतात. सफेद मुसळीची पानं तर सप्टेंबर-ऑक्टोबरातच पिवळी पडून जमिनीवर लोळतात. नवख्या माणसाला वाटतं झाड मेलं. खाली बोटाएवढ्या मुळांचा झुबका सुखरूप असतो आणि पुढच्या मृगाची वाट बघत असतो. आयुर्वेदाला या झाडांचा हाच भाग हवा असतो.

चरकसंहितेच्या कल्पस्थानात वनस्पतीचा कुठला भाग कुठल्या ऋतूत घ्यावा याचे नियम दिले आहेत. मुळं शिशिरात किंवा ग्रीष्मात, पानं गळून गेल्यावर खणावीत, असं तिथे सांगितलं आहे. म्हणजे जमीन कोरडी असताना आणि झाड झोपलेलं असताना. औषधी मुळांच्या शेतीत पाण्याचा हिशेब करायचा तर सुरुवात इथून करावी लागते. इतर पिकांना पाणी किती द्यायचं हा प्रश्न असतो. मुळांच्या पिकाला पाणी कधी तोडायचं हा प्रश्न त्याहून मोठा ठरतो.

विदर्भाला ही गोष्ट नवी नाही. वरुड-मोर्शीच्या संत्र्याच्या बागांत पिढ्यानपिढ्या झाडाला ताण देतात. आंबिया किंवा मृग बहार धरण्याआधी पाणी बंद करतात, पानं थोडी मलूल होऊ देतात आणि मग पाणी सोडतात. झाडाला थोडं सोसू दिलं की ते फुलतं, हे बागायतदार अनुभवाने शिकला आहे. औषधी मुळांत ताणाचं काम वेगळ्या तऱ्हेने चालतं. अश्वगंधेतली विथानोलाइड्स, शतावरी आणि मुसळीतली सॅपोनिन्स ही द्रव्यं झाडाच्या रोजच्या वाढीसाठी लागत नाहीत. ऊन, कीड, कोरड यांना तोंड देताना झाड ती तयार करतं. म्हणून मध्यम ताणात त्यांचं प्रमाण बऱ्याचदा वाढतं आणि मुळाचं वजन मात्र घटतं. भरपूर पाणी पाजलं तर मूळ जाड होतं, पण त्यातला औषधी अंश विरळ होण्याची भीती असते. ताण जास्त झाला तर वजनही जातं आणि झाडही जातं. या दोन टोकांच्या मधली जागा शोधणं म्हणजेच या पिकांचं सिंचन.

जंगलात ही जागा पाऊसच ठरवतो, त्यामुळे जंगली मुळाला बाजारात कायम मान राहिला. त्या मानाची किंमत जंगलाने मोजली आहे. सर्पगंधेची गोष्ट यात सगळ्यात बोलकी आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधा रक्तदाबावर कसं काम करते याचा अहवाल प्रसिद्ध केला. आपल्या वैद्यांना हे मूळ शतकानुशतकं माहीत होतं. आता जगाला माहीत झालं. 1952 साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या संशोधकांनी त्यातून रेसर्पीन वेगळं काढलं आणि भारतातल्या जंगलांवर मुळांसाठी धाड पडली. मूळ काढायचं म्हणजे झाडच उपटायचं. 1990 साली सर्पगंधेचं नाव वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेलं. पानं किंवा फळं तोडली तर झाड पुन्हा फुटतं. मुळाच्या बाबतीत ती सोय नाही.

हीच गोष्ट दुसऱ्या कोरड्या प्रदेशांतही घडली. चीनच्या उत्तरेकडच्या वाळवंटी भागात ज्येष्ठमधाची मुळं इतकी खणली गेली की मोकळी झालेली माती वाऱ्याबरोबर उडू लागली, आणि 2000 साली तिथल्या सरकारला या खणण्यावर निर्बंध घालावे लागले. आफ्रिकेत कलहारीच्या वाळूत सांधेदुखीवरचं एक मूळ मिळतं, हार्पागोफायटम नावाचं. नामिबियातले जाणते खणणारे मधलं मुख्य मूळ जागेवर ठेवतात, बाजूचे साठवणीचे कंद तेवढे कापून घेतात आणि खड्डा पुन्हा बुजवतात. झाड जगतं आणि काही वर्षांनी पुन्हा कंद देतं. गडचिरोलीच्या जंगलात मुसळी खणताना झुबक्यातली काही बोटं मुकुटासह मातीत परत ठेवली तर तीही पुढच्या पावसात उगवते. घाईत खणणारा आणि ठेकेदाराकडून किलोवर पैसे घेणारा माणूस तेवढं थांबत नाही.

गडचिरोली जिल्ह्याचं सुमारे 70 टक्के क्षेत्र वनाखाली आहे. तिथल्या गावांच्या हातात आज कायद्याचं बळ आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची जी व्याख्या केली, तिच्यात बांबू आणि तेंदूपानासोबत औषधी वनस्पती, मुळं आणि कंद यांचा स्पष्ट उल्लेख आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला 2009 साली देशात पहिल्यांदा सामूहिक वनहक्क मिळाला. गावचे नेते देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं या गावाशी कायमची जोडली गेली आहेत. बांबू स्वतः विकण्याचा हक्क गावाने झगडून मिळवला, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. मुळांबद्दल त्या मानाने कमी बोललं जातं. कुठल्या वर्षी कुठल्या भागात खणायचं, कुठला भाग विसाव्याला ठेवायचा हे ग्रामसभा ठरवू शकते. जंगलाच्या मुळांना श्वास घेऊ द्यायचा तर बाजाराची मागणी शेतातून भागवावी लागेल, आणि शेतात आणायचं तर पाण्याचा प्रश्न येतोच.

सफेद मुसळी शेतात आणण्याचा प्रयोग महाराष्ट्राने मोठ्या प्रमाणावर करून पाहिला आहे. या झाडाचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकवणारे स्पॅनिश जेझुइट वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी 1955 साली बोरिवलीच्या नावाने त्याची नोंद केली. त्याच जातकुळीतली फोडशी कोकणात पावसाळी भाजी म्हणून अजूनही खातात. विदर्भात मुसळीची शेती रुजली ती सातपुड्याच्या पायथ्याशी, अकोट आणि अंजनगाव सुर्जीच्या परिसरात. तिथला बारी समाज पूर्वापार पानमळे करणारा. सावलीतलं, ओलाव्याचं, नाजूक पीक सांभाळण्याचा हात त्यांच्याकडे होता. पानाचा धंदा मंदावला तसे ते पानपिंपळी आणि मुसळीकडे वळले.

मग मुसळीची लाट आली. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ 2000 साली स्थापन झालं आणि त्याच्या आसपासच्या वर्षांत एकरी लाखो रुपयांच्या नफ्याची गणितं गावोगावी वाटली गेली. जो तो बेणं विकू लागला. मुसळीचं खरं उत्पन्न त्या काळात मुळांपेक्षा बेण्यात होतं. पहिल्याने दुसऱ्याला बेणं विकायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला. साखळी जिथे थांबली तिथल्या शेतकऱ्याच्या हातात मुळं उरली आणि घेणारा कोणी नव्हता. भाव कोसळले, अनेकांनी हात पोळून घेतले. झाडीपट्टीत आज कोणी मुसळीचं नाव काढलं की ऐकणारा सावध होतो, आणि त्याचं सावध होणं रास्त आहे. मात्र दोष बेण्याच्या व्यापाराचा होता. अकोट-अंजनगावकडे ज्यांनी मुसळी टिकवली, त्यांनी ती पीक म्हणून केली.

मूलच्या बाजूला मुसळी लावायची तर पहिली अडचण कोरडेपणाची नाही, पाणी साचण्याची आहे. जुलै-ऑगस्टमध्ये इथे दिवसाला शंभर मिलिमीटर पाऊस पडणं नवलाचं नाही. मुसळीच्या मुळांभोवती दोन दिवस पाणी थांबलं की ती कुजतात. म्हणून बांधीत मुसळी घालणं म्हणजे बेणं पाण्यात टाकणं. तिला हवी बर्डी किंवा सिहारसारखी हलकी, निचऱ्याची, उंचवट्याची जमीन, जिथे धान तसंही धड येत नाही. त्या जमिनीवर चांगले फूटभर उंच गादीवाफे करायचे आणि दोन वाफ्यांमधला चर उताराला मोकळा सोडायचा. तीस बाय पंधरा सेंटिमीटरवर लावली तर हेक्टरी दोन लाखांच्या वर झाडं बसतात. बेण्याच्या प्रत्येक बोटाला वरच्या मुकुटाचा तुकडा असलाच पाहिजे, तो नसला तर बोट उगवत नाही. बेणं विकत घेणाऱ्याने हे आपल्या डोळ्यांनी तपासावं.

याच पावसाळ्यात दुसरी अडचण दडलेली असते. मोठा पाऊस झाल्यावर पंधरा-वीस दिवसांचा खंड पडतो. बांधीतलं धान साचलेल्या पाण्यावर हा खंड निभावून नेतं. उंच वाफ्यावरची मुसळी नेत नाही, कारण वाफा जितका चांगला निथळतो तितकाच लवकर वाळतो. तिचा वाढीचा काळ जेमतेम नव्वद ते शंभर दिवसांचा. त्यातले पंधरा दिवस कोरडे गेले तर मुळं बारीक राहतात. इथे संरक्षित पाणी लागतं आणि ते ठिबकनेच द्यावं. चरांतून पाणी सोडलं आणि त्याच रात्री पाऊस आला तर सगळं केलेलं वाया जातं.

पानं पिवळी पडली की पाणी तोडायचं. इथेच नवा शेतकरी चुकतो. वर हिरवं दिसेनासं झालं की त्याला काळजी वाटते आणि तो पाणी वाढवतो. झोपलेल्या मुळाला पाण्याचा काही उपयोग नसतो, उलट बुरशीला मदत होते. मुळं जमिनीतच राहू द्यायची. पांढरी साल हळूहळू तपकिरी होते, मुळं पक्व होतात. डिसेंबर ते फेब्रुवारीत खणण्याआधी एक हलकं पाणी पुरतं, म्हणजे माती सैल होऊन बोटं न तुटता निघतात. या काळात वाफ्यावर धानाचा तणस पसरला तर जमीन तापत नाही आणि जो थोडा ओलावा आहे तो टिकतो. तणसाची झाडीपट्टीत कमतरता नाही. कापणीनंतर तो जाळणाऱ्यांनी तरी हा विचार करावा.

मुसळीचं पाणी पावसाळ्यापुरतंच, पण हिवाळाभर वाढणाऱ्या मुळांसाठी पाण्याचा ढोबळ हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे जवळपास चार हजार लिटर. मोकाट पाणी दिलं तर एका पाळीला साठ मिलिमीटर सहज लागतं, म्हणजे दोन लाख चाळीस हजार लिटर. ठिबकच्या नळ्या सव्वा मीटरवर टाकल्या, फुटाफुटावर तासाला दोन लिटर सोडणारे ड्रिपर घेतले, तर एकरात अकरा हजारांच्या आसपास ड्रिपर बसतात आणि तासाभरात बावीस हजार लिटर, म्हणजे साडेपाच मिलिमीटर पाणी मुळांपाशी पोचतं. हिवाळ्यात निम्मी जमीन झाकणाऱ्या पिकाला दिवसाला दोन मिलिमीटर धरलं तर दर तिसऱ्या दिवशी तासभर पाणी पुरे होतं. ऑक्टोबरच्या मध्यापासून चार महिने असं पाणी दिलं तरी एकूण खर्च दहा लाख लिटरच्या आत राहतो.

हे पाणी ठेवायचं कुठे? तीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल शेततळं काठ उतरते ठेवून खणलं तर त्यात सुमारे 22 लाख लिटर पाणी मावतं. मुरमाड जमिनीत ते झिरपून जातं, म्हणून अस्तर लागतं. चार महिन्यांत चारेक लाख लिटर उन्हाने उडून जाईल असं धरा. तरीही एकरभर मुळांचं पीक निघून आठ लाख लिटर उरतात. शेजारी उन्हाळी धानाचा विचार करा. त्याला हजार-बाराशे मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे एकराला चाळीस ते पन्नास लाख लिटर. एका एकराच्या उन्हाळी धानाच्या पाण्यात चार-पाच एकरांची मुळं निघतात. झाडीपट्टीतल्या माणसाच्या जेवणातून धान कोणी काढू शकत नाही आणि काढूही नये. पण उन्हाळी धान हे तसं अलीकडचं वेड आहे, आणि त्याच्या पाण्याचा हिशेब गावाने एकदा तरी मांडायला हवा.

अश्वगंधेला तर यापेक्षाही कमी पाणी पुरतं. मध्य प्रदेशातल्या मंदसौर-नीमच पट्ट्यात ती पावसाळा सरत असताना पेरतात आणि बरीचशी कोरडवाहूच काढतात. राजस्थानातल्या नागौरसारख्या वाळवंटाकाठच्या जिल्ह्याने तिला नागौरी हे नाव दिलं. जवाहर अश्वगंध-20 आणि 134 हे वाण मंदसौरच्या संशोधनातून आले, पोशिता हा लखनौच्या सीमॅप या संशोधन संस्थेचा. पेरल्यापासून पाच-सहा महिन्यांत पानं वाळतात, फळं लाल-केशरी होतात आणि मुळं खणायला येतात. हेक्टरी तीन ते पाच क्विंटल वाळलेली मुळं हे सर्वसाधारण उत्पन्न. मूलच्या पावसात जूनमध्ये पेरली तर ती सडेल. सप्टेंबरात पाऊस ओसरताना, बर्डी जमिनीत सरी-वरंब्यावर पेरावी. धानाच्या उभ्या बांधीत ओलीवर लाखोळी फेकायची रीत इथे जुनीच आहे. जमिनीतली शिल्लक ओल पिकाच्या कामी लावायची, हे तंत्र झाडीपट्टीला कोणी शिकवायला नको. अश्वगंधेला त्या ओलीवर उगवू द्यायचं आणि नंतर एक-दोन पाळ्या ठिबकच्या द्यायच्या. रोपं हाताएवढी झाल्यावर वीस-पंचवीस दिवसांचा ताण पडला तरी चालतो. मुळं ओलाव्याच्या शोधात खाली जातात आणि लांब, सरळ होतात. रोज वरून ओलं ठेवलेल्या जमिनीत ती वरच्या वितीतच फाटे फोडत राहतात.

शतावरीचं गणित लांबचं. दीड ते दोन वर्षांनी ती खणायला येते, म्हणजे मधला एक पूर्ण उन्हाळा तिला काढावा लागतो. कंदात पाणी साठवणारी ही वेल तो उन्हाळा पाण्याशिवायही जगून काढते, पण जगणं आणि वाढणं यांत फरक आहे. एप्रिल-मेमध्ये आठवड्याला एकदा तासभर ठिबक दिलं तर पहिल्या पावसाबरोबर ती जोमाने फुटते. खणल्यावर कंद उकळून साल काढायची, मधली शीर ओढून काढायची आणि सावलीत वाळवायचं. हे काम बायकांच्या हातचं आहे आणि त्याला जेवढी मजुरी मिळायला हवी तेवढी मिळत नाही. मुसळीचंही तेच. एकेक बोट सुरीने खरवडून सोलायचं. पाच किलो ओली मुळं सोलून वाळवली की किलोच्या आसपास माल उरतो. हेक्टरी उत्पन्नाची गणितं करणाऱ्यांच्या कागदावर हा खर्च बहुधा शेवटी येतो, कधी येतच नाही.

ठिबकबद्दल दोन गोष्टी विक्रेते सांगत नाहीत. मुळांच्या पिकात खणण्याआधी सगळ्या नळ्या गोळा करून घ्याव्या लागतात, नाहीतर कुदळीने त्यांचे तुकडे होतात. जमिनीखाली पुरायची ठिबक या पिकांना म्हणूनच चालत नाही. दुसरी गोष्ट तलावाच्या पाण्याची. त्यात शेवाळ असतं, कालव्याच्या पाण्यात गाळ असतो. नुसत्या जाळीच्या गाळणीवर हे पाणी चालवलं तर एका हंगामात ड्रिपर बुजतात. वाळूची गाळणी लागते आणि ती नियमित उलटी धुवावी लागते. अनुदानाच्या यादीत पैसे वाचवायला हीच वस्तू आधी गाळली जाते. केंद्राचं अनुदान आणि मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेची पूरक रक्कम धरून अल्पभूधारकाला ठरलेल्या खर्चाच्या 80 टक्के आणि इतरांना 75 टक्के मदत मिळू शकते. ती मिळेपर्यंत आधी सगळे पैसे स्वतः घालावे लागले, तर दोन एकरवाला शेतकरी त्या रांगेत उभाच राहत नाही.

पाणी साठवण्याच्या बाबतीत झाडीपट्टीला कमीपणा घ्यायचं कारण नाही. माजी मालगुजारी तलाव, ज्यांना सगळे मामा तलाव म्हणतात, पूर्व विदर्भात मिळून साडेसहा हजारांहून अधिक आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने तलाव बांधले आणि त्या बदल्यात त्यांना तलावाखालची जमीन मिळाली, असं सांगितलं जातं. तलावाखाली बोड्या म्हणजे लहान तळी, बोड्यांखाली बांध्या, आणि एकाचा सांडवा दुसऱ्याच्या पोटात जाणारा. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली ते योग्यच झालं, पण तलाव सरकारकडे गेले आणि गावाची देखरेख सुटली. पाळी फुटल्या, गाळ साचला. पुढे मोठ्या प्रकल्पांवर भरवसा ठेवला गेला. 1988 साली गोसेखुर्द प्रकल्पाची पायाभरणी झाली, 2009 मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला, आणि त्याचा उजवा कालवा सावली तालुक्यातल्या ब्रिटिशकालीन आसोलामेंढा तलावाला येऊन मिळतो. कालव्याचं पाणी मुख्यतः सखल बांध्यांना मिळतं. बरड उंचावर असतं. उंचावरच्या जमिनीला बोडी, विहीर किंवा शेततळ्यातून उपसूनच पाणी द्यावं लागेल, आणि म्हणूनच तिथे थोड्या पाण्यावर येणारं पीक हवं.

तलावांतून काढलेला गाळ बरडावर टाकण्याचं काम 2017 पासून सरकारी योजनेतून होतं. मुळांच्या पिकाला तो बेतानेच द्यावा. गाळाचा जाड थर पडला तर जमीन चिकट होते, निचरा अडतो आणि मुळं वेडीवाकडी वाढतात. वाफ्याच्या मातीत थोडा गाळ आणि भरपूर शेणखत मिसळलं तर ओलही धरते आणि हातानेही मूळ निघतं.

उपशासाठी वीज लागते आणि या भागात ती दिवसाच लागते. मूल तालुक्याला ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्राची सीमा आहे, ब्रह्मपुरी वनविभागात वाघांची दाटी आहे, आणि शेतात गेलेल्या माणसांवर हल्ले झाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. रात्री दोन वाजता वीज आली म्हणून कंदील घेऊन चर वळवायला जाणारा शेतकरी जिवावर उदार होऊन जातो. ठिबकला उभं राहून पाणी वळवावं लागत नाही. सौरपंपावर ती भर उन्हात चालते, दुपारी तासभर वॉल्व उघडला की काम होतं. 2024 मध्ये सुरू झालेल्या मागेल त्याला सौर कृषिपंप योजनेत शेतकऱ्याचा वाटा 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी 5 टक्के आहे. पाण्याची बचत हा ठिबकचा फायदा सगळीकडे सारखा. मूलमध्ये त्याच्या आधी जिवाची सुरक्षितता येते, आणि योजना आखणाऱ्यांनी या भागाला त्या कारणाने अग्रक्रम द्यायला हवा. रानडुकरं मात्र ठिबकने थांबत नाहीत. मऊ, ओल्या वाफ्यातले कंद त्यांना लांबून कळतात. कुंपणाचा खर्च धरल्याशिवाय जंगलाकाठी कुठल्याही कंदाचं अर्थकारण जमत नाही.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात औषधी वनस्पतींवर बराच काळ काम चालू आहे आणि तिथलं नागार्जुन वनौषधी उद्यान पाहण्यासारखं आहे. पण अकोल्याची काळी जमीन आणि तिथला मोजका पाऊस वेगळा, मूलचा बरड आणि इथली झड वेगळी. विद्यापीठाचंच विभागीय संशोधन केंद्र सिंदेवाहीत, मूलपासून जवळच आहे आणि त्याचं नाव धानासाठी घेतलं जातं. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी 1983 साली आपल्या शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून एचएमटी धान तयार केलं. त्यांच्या हयातीत त्यांना त्याचं श्रेय फार उशिरा मिळालं. त्या माणसाने जे धानात केलं ते मुळांत करणारे डोळे या जिल्ह्यात आजही असतील. कुठल्या टेकाडावरची मुसळी जाड येते, कुठली खंडातही तग धरते, हे जंगलात जाणाऱ्या बायका आणि वैदू सांगू शकतात. ती बेणी सिंदेवाहीच्या वाफ्यांवर, वेगवेगळ्या ताणाखाली शेजारी-शेजारी लावून पाहिली पाहिजेत, आणि ज्यांनी दाखवली त्यांची नावं त्या नोंदीत राहिली पाहिजेत.

एवढं सगळं जमलं तरी बाजाराचा प्रश्न उरतो. अश्वगंधेची मोठी बाजारपेठ नीमचला आहे. तिथे मुळाची प्रत डोळ्यांनी ठरते. सात सेंटिमीटरपर्यंत लांब, एक ते दीड सेंटिमीटर जाड, मोडल्यावर कट्कन तुटणारं आणि आतून पांढरं शुभ्र मूळ पहिल्या प्रतीचं. पांढरेपणा पिठाचा असतो. विथानोलाइड किती हे डोळ्यांना दिसत नाही. मुसळीचा भावही जाडी आणि रंगावर ठरतो. म्हणजे ज्याने पाणी राखून, ताण देऊन औषधी अंश वाढवला, त्याच्या बारीक मुळाला कमी पैसे मिळतात. ज्याने मोकाट पाणी सोडून मूळ फुगवलं, तो तराजूवर जिंकतो. पाणी वाचवा असं शेतकऱ्याला सांगणारी यंत्रणा आणि वजनावर पैसे देणारा बाजार एकमेकांच्या विरुद्ध ओढत आहेत, आणि बाजाराची ओढ नेहमी जास्त असते.

यावर उपाय आहे आणि तो फार महागडा नाही. औषध कंपन्या माल आत घेताना प्रयोगशाळेत तपासतातच. तो आकडा शेतकऱ्याला कळवायचा आणि भाव त्याला जोडायचा, एवढी अट खरेदीच्या करारात हवी. एकट्या शेतकऱ्याला ती घालता येणार नाही. पंचवीस-तीस जणांचा गट, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा ग्रामसभा घालू शकते. जैवविविधता कायद्यात 2023 साली दुरुस्ती झाली. लागवडीच्या औषधी वनस्पतींना उगमाचा दाखला मिळाला की लाभवाटपाच्या अटींतून सूट मिळते. तो दाखला काढताना कुठल्या शेतातलं, कुठल्या महिन्यात पाणी तोडलेलं आणि कुठल्या तारखेला खणलेलं मूळ, ही नोंद गटाने ठेवली तर विकताना तीच उपयोगी पडते. सुरुवात पाच-दहा गुंठ्यांवर करावी, बेणं ओळखीच्या शेतातून घ्यावं आणि लावण्याआधी खरेदीदाराशी लेखी बोलणं व्हावं. पहिल्या वर्षी दोन वाफे नेहमीसारख्या पाण्यावर आणि दोन ताणावर ठेवून दोन्हींची मुळं वेगवेगळ्या पिशव्यांत तपासायला द्यावीत. त्या चार वाफ्यांचे आकडे हातात असले की मूलचा शेतकरी खरेदीदाराशी भावाबद्दल बोलू शकेल.